दोनशे एकोणचाळीस

हजेरीबुकाला मी खाकी कव्हर घालायचो,
दर एप्रिलात नवीन.
सूतगिरणी डांबरी रस्त्यापासून आत, पळसांच्या रांगेमागे.
माझं टेबल गेटजवळ. पंखा नव्हता,
पण कोण आलं, कोण नाही, हे आधी मला कळायचं.

मंदा नगराळेचे दिवस मी मोजत असे.
दोनशे सदतीस. दोनशे अडतीस.
दोनशे एकोणचाळिसाव्या संध्याकाळी सांगायचो,
उद्यापासून नको येऊ, पंधरवड्यानं ये.
ती विचारायची, "काई चुकलं का माह्यं?"
चुकलं काहीच नव्हतं.
आणखी एक दिवस भरला असता
तर कायद्याला ती दिसली असती.
एवढं मी तिला सात वर्षांत सांगितलं नाही.
लाल शाईनं आडवी रेघ ओढायचो,
पट्टी लावून, सरळ.

शालिक कुमरे पर्मनंट, रिंगफ्रेमवर.
चालत्या चातीवर तुटका धागा असा जोडायचा
की बघणाऱ्याला वाटे, नुसता हात फिरवला.
कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातून त्याला बोलावणं आलं.
तीन हजार जास्त, पण एक तारखेला हजर.
जेवणाच्या सुट्टीत तो टेबलाशी आला,
डब्यात अंबाडीची भाजी, बोटांवर कापसाची लव.
"बाबू, जाऊ का राहू?"

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
चार वर्षं तीन महिने.
आज राजीनामा दिलास तर ग्रॅच्युइटी शून्य.
नऊ महिने थांबलास तर
पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले पाच:
तेहतीस हजार एकशे त्र्याहत्तर.
आणि मालकानंच काढलं
तर भरपाई वेगळी, नोटिशीचा महिना वेगळा.
"म्हंजे सोताहून गेलो त काई नाई,
हाकललं त पैसे?"
"हो."
तो हसला. "मंग हाकलाले सांगा ना."

थांबला.
त्या तेहतीस हजारांचं त्यानं मनात टिनाचं छप्पर चढवलं,
उतरवलं, बायकोच्या शिलाई मशिनला जागा केली.
कोरपन्याची नोकरी त्याच्या साळ्यानं धरली.

मालकानं कोणालाच काढलं नाही.
हे मला अजून नीट सांगता येत नाही.
जानेवारीत लाइट कापली.
गेट मात्र उघडं.
लोक यायचे, सह्या करायचे,
पळसाखाली बसून अकराला परत.
नोटीस नाही, कुलूप नाही.
'जा' असं कुणी म्हणालंच नाही,
मग देणं कशाचं?
मार्चात नागपूरच्या ऑफिसातून मला फोन:
बुक लिहिणं बंद करा.

शालिक जिनिंगवाल्याकडे गेला काम मागायला.
तो म्हणाला, आधीच्या ठिकाणाहून मोकळं केल्याचं पत्र आण.
शालिक माझ्या दारात.
मी पत्र कुठून देऊ?
मला तरी कुणी मोकळं केलं होतं?

बुक मी घरी आणलं.
रोज सकाळी चहाआधी त्याच्या नावापुढे 'ह' लिहिला,
पाच वर्षं भरली त्या दिवसापर्यंत.
तो खरंच गेटवर जात होता, मी पाहून यायचो;
काही दिवस नाही पाहिलं, तरी लिहिलं.
वकील म्हणाले, याचा उपयोग होईल,
किंवा तुम्हीच आत जाल.

आणि साक्षीला आणखी कुणी हवं होतं,
म्हणून मी मंदाकडे गेलो.
ती अंगणात तुरी पाखडत होती.
लाल रेघेचं सगळं सांगितलं,
पट्टीचंही.
तिचं सूप थांबलं नाही.
"मले मालूम होतं, बाबू. मीबी मोजत होती.
पन त्या दुसऱ्या साली
तुमी दोनशे अडतीसलेच रेघ मारली.
त्या एका दिवसाची रोजी राह्यली माही.
कवा देता?"